शाळा बंद झाली तेव्हा मुलांच्या दिवसातून काय काय गेलं

मार्च २०२० च्या मध्यावर कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. शहरांतल्या पहिली ते सातवीच्या मुलांसाठी त्या पुन्हा उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत परत काही दिवस कुलूप लागलं. पहिलीत असताना घरी बसलेलं मूल थेट तिसरीच्या वर्गात जाऊन बसलं. मधल्या काळात अभ्यास किती बुडाला यावर भरपूर लिहून-बोलून झालं. शरीराचं काय बुडालं हे मात्र ‘लॉकडाऊनमध्ये मुलं सुटली हो’ एवढ्या एका वाक्यात उरकलं जातं. वजन हा त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग. न दिसणारा भाग त्याहून मोठा आहे, आणि तो नीट कळला की उपायही वेगळे सुचतात.

आठ-दहा वर्षांच्या मुलाचा शाळेचा एक साधा दिवस घ्या. सकाळी जिन्यावरून खाली, बसथांब्यापर्यंत किंवा थेट शाळेपर्यंत चालत, पाठीवर दप्तर. शाळेत पुन्हा जिने. तास संपला की उभं राहणं, वहीचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवणं, पाणी प्यायला जाणं, प्रयोगशाळेत किंवा चित्रकलेच्या वर्गात जाणं. मधल्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून उरलेला वेळ पळापळी. आठवड्यातून एक-दोनदा पी.टी.चा तास. घरी आल्यावर सायकलवरून क्लास, आणि दिवे लागेपर्यंत खाली खेळ. यातल्या एकाही गोष्टीला घरात कुणी ‘व्यायाम’ म्हणत नाही. पण मुलाच्या दिवसभराच्या हालचालीतला मोठा वाटा याच सुट्ट्या तुकड्यांचा असतो. दर पंचवीस-तीस मिनिटांनी काहीतरी कारण निघतं आणि मूल उठतं.

शाळा बंद झाली तेव्हा हे सगळे तुकडे एका दिवसात नाहीसे झाले. ही गोष्ट साथीच्या आधीपासून माहीत होती: शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं शाळेच्या दिवसांपेक्षा कमी हलतात, जास्त वेळ पडद्यासमोर असतात आणि उशिरा झोपतात. दिवसाला बांधलेला सांगाडा असला की मुलांच्या सवयी सावरलेल्या राहतात, तो निघाला की ढासळतात. साथीत दीड-पावणेदोन वर्षं मुलांची ही सांगाडा नसलेली सुट्टी चालू राहिली, आणि त्यात मैदानही नव्हतं.

लहान मुलांची तर जास्त कोंडी झाली. मे २०२० मध्ये केंद्राच्या आदेशात ६५ वर्षांवरच्या व्यक्तींबरोबर १० वर्षांखालच्या मुलांनीही घरातच राहावं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ३ जूनपासून महाराष्ट्रात पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात चालणं, पळणं, सायकल चालवणं यांना परवानगी मिळाली, मुलांबरोबर मोठं माणूस हवं अशी अट घालून. पण बहुतेक सोसायट्यांनी खालच्या खेळाच्या जागा, झोपाळे, घसरगुंड्या त्यानंतरही दोरी बांधून बंदच ठेवल्या. स्पेनमध्ये मुलांना सहा आठवडे दाराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. २६ एप्रिल २०२० ला ती उघडली तीही रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत, मोठ्या माणसाबरोबर. तिथे निदान मुलांच्या बाहेर पडण्यासाठी म्हणून वेगळा नियम केला गेला. आपल्याकडे मुलांच्या खेळाचा स्वतंत्र विचार फारसा झाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

परिणाम आकड्यांत दिसले. अमेरिकेत २ ते १९ वयाच्या ४ लाख ३२ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उंचीच्या मानाने वजन वाढण्याचा मासिक वेग साथीत जवळपास दुप्पट झालेला आढळला. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या फेइचेंग शहरात शाळकरी मुलांचे डोळे दरवर्षी तपासले जातात. तिथे २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचं प्रमाण कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. २०२० मध्ये ते २१.५ टक्के निघालं. घरात राहिल्याचे काही महिने आणि एवढा फरक. मोठ्या वयात, बारा-तेराला, तो जवळजवळ दिसलाच नाही. डोळ्याची वाढ ज्या वयात जोरात चालू असते त्याच वयाला फटका बसला.

आता साथ सरली, मग हे कशाला? एक तर तेव्हा लागलेल्या सवयी शाळा उघडल्या म्हणून गेल्या नाहीत. दुसरं म्हणजे घरकोंडी परत-परत येते. मुंबईत पाऊस आठवडाभर झोडपतो, दिल्लीत दर हिवाळ्यात धुरक्यामुळे शाळा बंद होतात, घरात एकाला कांजिण्या झाल्या की दोघं भावंडं पंधरा दिवस आत. तेव्हा पुढचं सगळं त्या दिवसांसाठीही आहे.

बसणं वेगळं, व्यायाम वेगळा

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीत, नव्या शिफारशी दिल्या. ५ ते १७ वयाला आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल, त्यातली बहुतेक दम लागणारी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडांवर भार येईल असं काहीतरी. त्याच्या जोडीला स्वतंत्र सूचना अशी की बसून राहण्याचा वेळ, विशेषतः करमणुकीच्या पडद्याचा, कमी करा. या दोन सूचना एकमेकींच्या बदल्यात चालत नाहीत. सकाळी तासभर घाम गाळला आणि मग दहा तास सोफ्यावर काढले, तर पहिली अट पुरी झाली, दुसरी नाही.

‘सरासरी’ हा शब्दही महत्त्वाचा आहे. २०१० च्या शिफारशीत रोज किमान ६० मिनिटं असं होतं. आता एखादा दिवस वीस मिनिटांवर भागलं आणि रविवारी दोन तास झाले तरी हिशेब जुळतो. आईवडलांनी रोजच्या रोज स्वतःला दोषी धरायचं कारण नाही.

ऑनलाइन शाळेच्या वेळेवर केंद्राने जुलै २०२० मध्ये मर्यादा सुचवल्या होत्या. बालवाडीसाठी ३० मिनिटं, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं, नववी ते बारावीला चार. कागदावर हे ठीक होतं. प्रत्यक्षात सत्र संपल्यावर त्याच मोबाइलवर गृहपाठाचे फोटो, मग त्याच मोबाइलवर कार्टून, आणि जागा तीच, गादीचा तोच कोपरा. शाळेचा पडदा टाळता येत नाही, पण तो संपल्यावर जागेवरून उठणं आपल्या हातात असतं. म्हणून साधा नियम असा ठेवा: शाळा ज्या जागी बसून झाली त्या जागी करमणूक करायची नाही. मोबाइल तोच असला तरी जागा बदलली की मूल निदान एकदा उठतं, आणि उठलेलं मूल बऱ्याचदा दुसरीकडे वळतं.

बसायचंच तर कसं

जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. आठ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यामागच्या खळगीची उंची ३३-३४ च्या आसपास. म्हणजे पाय दहा-बारा सेंटिमीटर लोंबकळत राहतात. पायाला आधार नाही की मूल पुढे सरकतं, कंबर मागे वळते, पाठ गोल होते आणि मान पुढे येते. आपण ‘ताठ बस’ म्हणून ओरडतो, ते अर्धं मिनिट ताठ बसतं आणि पुन्हा घसरतं. यात मुलाचा आळस नाही, खुर्चीचं माप चुकलेलं आहे. पायाखाली पाट ठेवा, कमी पडला तर त्यावर जुन्या डिरेक्टरीएवढं जाड पुस्तक. मांडी जमिनीला समांतर आणि तळवे पूर्ण टेकलेले हवेत. पाठीमागे घडी घातलेली चादर, म्हणजे खुर्चीची खोली कमी होते.

त्याहून बरं म्हणजे जमिनीवर सतरंजी आणि समोर चौरंग. मांडी, वज्रासन, एक गुडघा वर, पाय लांब करून अशी आसनं मूल आपसूक बदलत राहतं. जमिनीवरून हात न टेकता उठणं हीच एक बैठक आहे, दिवसातून पंधरा-वीस वेळा झाली तर पायांना चांगलं काम मिळतं. फक्त गुडघे आत आणि दोन्ही पावलं बाहेर अशी फतकल मारून मूल तासन् तास बसत असेल तर हळूच मांडी घालायला लावा. अधूनमधून बसलं तर घाबरायचं काही नाही.

मोबाइल हातात धरून वर्ग ऐकला की मान खाली जाते. तो चौरंगावर डब्याला टेकवून उभा करा, डोळ्यांपासून निदान ४० सेंटिमीटर. आणि खिडकी पाठीमागे न ठेवता बाजूला ठेवा. पाठीमागून उजेड आला की पडद्यावर चमक येते, आणि मूल नीट दिसावं म्हणून आणखी पुढे झुकतं.

उठवायचं कसं

दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उठणं, ही घरातल्या दिवसाची खरी तुळई. गजर लावला तर मूल दोन दिवसांत तो बंद करायला शिकतं. कारण पेरून ठेवणं जास्त टिकतं. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, छोटा पेला ठेवा आणि माठ स्वयंपाकघरात राहू द्या. रंगपेटी एका खोलीत, चित्रकलेची वही दुसऱ्या. आजीला चष्मा नेऊन दे, दाराची कडी बघून ये, झाडांना पाणी घाल. शाळेत हीच कामं बाई सांगतात.

दोन मिनिटांत काय करायचं याचं उत्तर सोपं आहे: उड्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला होता. घंटा झाली की जागच्या जागी दहा जोरदार उड्या, दिवसातून तीनदा. सगळं मिळून तीन मिनिटं. आठ महिन्यांनी मुलांच्या खुब्याजवळच्या हाडाच्या वाढीत फरक मोजता आला. याचं कारण हाडाच्या स्वभावात आहे. एका वेळी काही उड्या झाल्या की हाडातल्या पेशी पुढच्या उड्यांना फारसा प्रतिसाद देत नाहीत, काही तास मध्ये गेले की पुन्हा देतात. म्हणून सलग शंभर उड्यांपेक्षा दहा-दहाच्या तीन-चार पाळ्या हाडाला जास्त उपयोगी. ही गोष्ट घरकोंडीत अडकलेल्या मुलांच्या अगदी पथ्यावर पडणारी आहे.

उडी मारताना गुडघे वाकवून वर जायचं आणि पावलाच्या पुढच्या भागावर, गुडघे वाकवतच, खाली यायचं. चाचणी कानाने घ्या: ‘धप्प’ आवाज आला तर उतरणं चुकलं. आवाज न करता उतरायचं हा खेळच करा. यामुळे गुडघे वाचतात आणि खालच्या मजल्यावरचे काकाही वर येत नाहीत. दुपारी दोन ते चार मात्र उड्या नकोतच, ती वेळ अस्वलचालीला, म्हणजे हातापायांवर चालायला द्या.

दहा बाय दहाच्या खोलीत

आधी खोली तयार करा. काचेची टीपॉय बाहेर, टेबलाच्या टोकदार कोपऱ्यांवर जुने टॉवेल गुंडाळा, पंख्याखाली उंच उड्या नकोत. पाय अनवाणी. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून खेळलं की पाय सहज घसरतो. सतरंजी टाकायची तर तिच्याखाली रबरी जाळी किंवा निदान ओलसर पिळलेलं फडकं अंथरा, नाहीतर ती मुलासकट सरकते.

सात-आठ मिनिटांचा एक फेरा असा: भिंतीपासून भिंतीपर्यंत अस्वलचाल चार वेळा, तळहात आणि पावलं टेकलेली, गुडघे अधांतरी. मग लंगडी, जाताना उजव्या पायावर, येताना डाव्या, तीन वेळा. आठ बेडूकउड्या. लिटरची भरलेली बाटली, म्हणजे एक किलो, छातीशी धरून दहा बैठका. चार-पाच जुने मोजे एकमेकांत गुंडाळून केलेला चेंडू भिंतीवर मारून वीस झेल, त्यातले दहा डाव्या हाताने. एक मिनिट दम खाऊन पुन्हा पहिल्यापासून. सकाळी दोन फेरे, संध्याकाळी दोन, म्हणजे अर्धा तास पदरात पडतो.

मूल खरंच जोर लावतंय का हे घड्याळाशिवाय कळतं. खेळता-खेळता त्याला सातचा पाढा म्हणायला लावा. आरामात म्हणता आला, वर गाणंही म्हणता आलं, तर हालचाल हलकी. पाढा होतो पण गाणं होत नाही, म्हणजे मध्यम. ‘सात एके सात’ म्हणून श्वास घ्यावा लागला तर जोरकस. पाठांतराच्या बाबतीत मूल कच्चं असेल तर अर्थात त्याचं स्वतःचं नाव-गाव विचारा.

याच कसोटीला सूर्यनमस्कार लावा. प्रत्येक आसनात थांबून, श्वासाच्या लयीत घातलेले सूर्यनमस्कार अंग मोकळं करायला, खांदे आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणायला फार छान. पण त्यात दम लागत नाही. दहा-बारा सेकंदांत एक असे सलग दहा घातले तर लागतो. म्हणून ‘रोज बारा नमस्कार घालतो’ यावरून साठ मिनिटांचा हिशेब लावू नका, किती वेगाने आणि किती वेळ हे बघा.

दोरीच्या उड्यांसाठी दोरीचं माप आधी घ्या. दोरीच्या मधोमध दोन्ही पाय ठेवून उभं राहिल्यावर मुठी काखेपर्यंत याव्यात. लांब झाली तर दोरी जमिनीवर आपटून पायात अडकते, आखूड झाली तर मूल पाय पोटाशी घेऊन उडतं आणि लवकर थकतं. जास्तीची दोरी कापायची गरज नाही, मुठीजवळ गाठ मारा. नव्याने शिकणाऱ्याला हलकी नायलॉनची दोरी हवेत तरंगल्यासारखी जाते, अंदाज येत नाही. मण्यांची किंवा जाड सुती बरी. २० सेकंद उड्या, ४० सेकंद विसावा, अशा दहा पाळ्या. सहाच्या खालच्या मुलांना हात आणि पाय यांचा मेळ जमत नाही, त्यांच्यासाठी दोरी जमिनीवर नागमोडी पसरा आणि तिच्यावरून इकडून तिकडे उड्या मारायला लावा.

आपल्या जुन्या खेळांतले बरेचसे या खोलीसाठी चपखल आहेत. टिक्करसाठी शहाबादी फरशीवर खडू चालतो, चकचकीत फरशीवर तो पुसला जातो. तिथे रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावा, ३५-४० सेंटिमीटरचे चौकोन पुरतात. दोन-तीन दिवसांत काढून टाका, उन्हात तापली की डिंक फरशीला धरतो. विषामृत दोघांतही रंगतं. फुगडी फार मोलाची. पावलं जुळवून, हाताची अढी घालून, हात ताठ ठेवून मागे झुकायचं, म्हणजे पकड, खांदे, पोट, मांड्या सगळं कामाला लागतं आणि मिनिटाभरात दम निघतो. दोघी साधारण सारख्या वजनाच्या हव्यात, हात कोरडे करून घ्यावेत, चारी बाजूंना मीटरभर मोकळी जागा हवी. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र मनगट धरून गरगर फिरवू नका. त्या वयात कोपराजवळच्या हाडाचं टोक त्याच्या बंधातून सहज निसटतं. मूल रडतं, हात अंगाशी लोंबता ठेवतं आणि हलवू देत नाही. घरच्या घरी ओढाताण न करता डॉक्टरकडे न्या, काही सेकंदांत बसवतात. फिरवायचंच तर काखेत धरून फिरवा.

जिना हा फुकटचा मोठा व्यायाम आहे. एका मजल्याला साधारण अठरा-वीस पायऱ्या. चढताना जोरात, उतरताना कठडा धरून सावकाश, कारण पाय घसरतो तो उतरताना. साथीत कठड्याला हात लावायची भीती होती, तेव्हा वर आल्यावर साबणाने हात धुणं हाच उपाय होता. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावायची गरज नाही, आणि त्याहून मोठ्या मुलांनीही पळताना, जोरात खेळताना तो लावू नये, अंतर ठेवावं, असंच जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं होतं.

जिथे गाडी अडते

सगळ्यात आधी अडते ती मोबाइलवरच्या व्यायामाच्या व्हिडिओंवर. पहिले दोन दिवस मूल उड्या मारतं. तिसऱ्या दिवशी उभं राहून बघतं, चौथ्या दिवशी बसून बघतं आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. व्हिडिओ मोठ्यांनी आधी बघावा, कृती लक्षात ठेवावी आणि मोबाइल बाजूला ठेवून करून दाखवावी. घरातलं मोठं माणूस बरोबर उतरलं की मूल जास्त वेळ टिकतं.

दुसरी अडचण आपण स्वतः तयार करतो. अभ्यास झाला नाही, ‘मार वीस उठाबशा’. मग संध्याकाळी त्याच उठाबशा व्यायाम म्हणून घालायला सांगितल्या तर मूल का घालेल? शिक्षेत व्यायाम कधीही आणू नये. उलटही करू नये: ‘अर्धा तास खेळलास तर अर्धा तास मोबाइल’ असा सौदा झाला की खेळ म्हणजे भरायचा कर होतो आणि मोबाइल बक्षीस.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. साथीच्याही आधी, २०१६ च्या आकड्यांनुसार, जगात ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची हालचाल पुरेशी नव्हती, आणि मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या जवळ होतं. घरकोंडीत दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला केर-फरशी, भांडी, धाकट्याला सांभाळणं आलं. उकिडवं बसून फरशी पुसणं, पाण्याच्या कळशा आणणं ही मध्यम हालचाल आहे हे खरं. म्हणून ‘तिचा व्यायाम होतोच की’ असं म्हणून तिचा खेळ काढून घेणं मात्र अन्यायाचं आहे. कामात पळणं नाही, उडी नाही, हसणं नाही. बाहेर जायची मुभा परत मिळाली तेव्हाही मुलगा आधी खाली गेला आणि मुलगी उशिरा, किंवा गेलीच नाही. फरशी दोघांनी पुसायची आणि खेळायला दोघांनी जायचं, हे घरात ठरवून करावं लागतं.

पाच वर्षांखालच्या पिल्लांचा हिशेब निराळा. एक ते चार वयाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल, तीन-चार वर्षांच्यांना त्यातली ६० जोराची. पडदा दोन वर्षांच्या आत अजिबात नको, पुढे चौथ्या वर्षापर्यंत तासाभरापेक्षा जास्त नको. चालता न येणाऱ्या तान्ह्या बाळालाही जागेपणी पालथं घालून, थोडं-थोडं करत दिवसाला निदान ३० मिनिटं. या वयाला व्यायाम शिकवायचा नसतो. उशांचा डोंगर, खुर्च्यांखालचा बोगदा, आणि पसारा सहन करायची तयारी, एवढं पुरतं.

डोळ्यांसाठी मात्र घरातला कुठलाही खेळ पुरत नाही, तिथे उघडं आकाश लागतं. खोलीत दिवे लावूनही उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो, बाहेर सावलीतसुद्धा त्याच्या कैकपट. चीनच्या ग्वांगझू शहरातल्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानावर वाढवला, तेव्हा तीन वर्षांत लांबचं न दिसणं नव्याने सुरू झालेल्या मुलांचं प्रमाण तिथे ३०.४ टक्के राहिलं, असा तास न वाढवलेल्या शाळांमध्ये ते ३९.५ टक्के होतं. गच्ची, अंगण, रिकामी पार्किंगची जागा, काहीही चालेल. गच्चीला कठडा छातीइतका उंच हवा आणि पतंगाच्या दिवसांत मोठं माणूस बरोबर हवंच.

जेवण पडद्यासमोर नको, कारण पोट भरल्याचं मुलाला कळत नाही आणि एकाच बसकणीत दोन तास जातात. झोप पाच ते तेरा वयाला ९ ते ११ तास, पुढे १७ पर्यंत ८ ते १०. उशिरा झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी मलूल असतं, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

परत मैदानावर

लांबलेल्या बैठकीनंतरचा मोठा धोका म्हणजे एकदम सुरुवात. वर्षभर घरी बसलेलं मूल उन्हाळी शिबिरात रोज तीन तास पळायला लागलं की पंधरवड्यात टाच दुखते (८ ते १३ वय) किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो (१० ते १४). हाड वाढतं तिथला कूर्चेचा भाग स्नायूंच्या ओढीने चिडतो. मधल्या काळात उंची दोन-तीन इंच वाढलेली असते, स्नायू त्या मानाने आखडलेले, म्हणून ओढ आणखी वाढते. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, अर्धा तास. नंतर दर आठवड्याला साधारण एक दशांशाने वाढ. बूट नवे घ्या, आधीचे बहुधा होत नाहीत, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांवर वेगळं लक्ष हवं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांखालच्यांना सलग ५ षटकं आणि दिवसात १० अशी मर्यादा घातली आहे. आपल्या गल्लीत एकच चांगला बॉलर असतो आणि सगळी षटकं तोच टाकतो.

मुलाला कोविड होऊन गेला असेल तर सौम्य आजारानंतर, ताप उतरून मूल पूर्ववत खाऊ-खेळू लागल्यावर, आठवडाभरात हळूहळू सुरू करता येतं. ताप चार दिवस किंवा त्याहून जास्त टिकला असेल किंवा रुग्णालयात ठेवावं लागलं असेल तर खेळाआधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या. कोविडनंतर काही आठवड्यांनी काही मुलांना अनेक अवयवांना सूज आणणारा आजार झाला. त्यात किंवा हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ बंद, आणि परतणं हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. खेळताना छातीत दुखणं, धडधड, चक्कर येऊन पडणं यातलं काहीही झालं तर खेळ तिथेच थांबवा आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

टाच किंवा गुडघा खेळल्यावर दुखतो आणि रात्रीच्या विश्रांतीने सकाळी बरा असतो, तोवर खेळ निम्म्यावर आणून, पोटरी आणि मांडीचे ताण देऊन, दहा मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ लावून वाट पाहायला हरकत नाही. मूल सकाळी उठल्या-उठल्या लंगडत असेल, सांधा सुजला असेल, झोपेतून दुखण्याने जागं होत असेल किंवा एकाच बाजूचं दुखणं दोन आठवडे हटत नसेल, तर ‘वाढीचं दुखणं असेल’ म्हणून थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.